ठिपक्यामागची माणसे

१९९० च्या दशकात ज्यांचे बालपण गेले त्यांच्यापैकी अनेकांना एक दृश्य आठवत असेल. उन्हाळ्याची सुट्टी, घरातल्या टीव्हीला वायरने जोडलेले प्लॅस्टिकचे एक खोके आणि त्यात वरून खोचायची कॅसेट. खेळ सुरू झाला नाही की कॅसेट बाहेर काढायची, तिच्या खाचेत जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. बहुतेक वेळा खेळ सुरू व्हायचा. ही युक्ती कोणी कोणाला शिकवली हे सांगणे अवघड आहे, पण आपल्याकडची मुले जे करत तेच अमेरिकेतली मुलेही करत होती.

फुंकरीचा त्यात फारसा वाटा नव्हता. कॅसेट काढून पुन्हा बसवली की धातूचे संपर्कबिंदू एकमेकांवर घासले जात आणि तुटलेला जोड पुन्हा जुळे. काम व्हायचे ते घासण्याने; श्रेय मिळायचे फुंकरीला. आम्ही व्हिडिओ गेमच्या यंत्रांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा असेच काहीसे पुन्हा पुन्हा दिसले. नाव झाले कंपन्यांचे. काम करणारी माणसे मात्र बराच काळ पडद्याआड राहिली. त्या माणसांची आणि त्यांच्यापुढच्या प्रश्नांची ही गोष्ट आहे.

पडद्यावर खेळण्याचे पहिले प्रयत्न

१९५८ साली अमेरिकेच्या ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांसाठी टेनिसचा एक खेळ तयार केला. ऑसिलोस्कोपच्या छोट्याशा गोल पडद्यावर एक ठिपका जाळ्यावरून इकडून तिकडे उडत असे. १९६२ मध्ये एम.आय.टी.तल्या तरुणांनी पीडीपी-१ या संगणकावर अंतराळयानांच्या लढाईचा खेळ रचला. दोन्ही खेळ लोकांना आवडले, पण ते घरात येणे शक्य नव्हते. पीडीपी-१ ची किंमतच लाख डॉलरच्या वर होती.

घरात मग होते काय? टीव्ही होता. पण टीव्ही हे एकतर्फी यंत्र. प्रक्षेपण केंद्राने दाखवायचे आणि आपण बघायचे. बघणाऱ्यानेच त्याला हुकूम सोडला तर?

बस स्थानकावरची टिपणे

राल्फ बेअर यांचा जन्म १९२२ साली जर्मनीत पिर्माझेन्स या गावी झाला. हिटलरची राजवट आली आणि ज्यू असल्यामुळे त्यांना शाळेतून काढून टाकले गेले. १९३८ मध्ये कुटुंब अमेरिकेत पोहोचले. राल्फ एका कारखान्यात काम करू लागले. तेवढ्यात पत्राद्वारे रेडिओ दुरुस्ती शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाची जाहिरात त्यांच्या पाहण्यात आली. तो अभ्यासक्रम पुरा करून ते रेडिओ दुरुस्त करू लागले. महायुद्धात ते अमेरिकी सैन्यात होते आणि युद्धानंतर शिकागोच्या एका संस्थेतून १९४९ साली त्यांनी टेलिव्हिजन अभियांत्रिकीची पदवी घेतली.

१९६६ साली ते न्यू हॅम्पशायर राज्यातल्या सँडर्स असोसिएट्स या कंपनीत वरिष्ठ अभियंता होते. ही कंपनी लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक सामग्री बनवत असे. खेळण्यांशी तिचा काहीही संबंध नव्हता. ऑगस्टच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका बस स्थानकावर सहकाऱ्याची वाट पाहत असताना बेअर यांनी काही टिपणे केली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ सप्टेंबर १९६६ रोजी, त्यांवरून चार पानांचा मजकूर लिहून काढला. घरच्या टीव्हीला जोडता येईल आणि सुमारे २५ डॉलरना विकता येईल असे खेळाचे खोके, हा त्याचा विषय. कागदावर तारीख घालून त्यांनी सही केली. ही सवय पुढे फार उपयोगी पडणार होती.

पहिले यंत्र पडद्यावर केवळ एक उभी रेघ हलवू शकत होते. तेवढे पाहून कंपनीच्या संशोधन प्रमुखांनी अडीच हजार डॉलर मंजूर केले : दोन हजार मजुरीसाठी, पाचशे सामानासाठी. एका लहानशा कुलूपबंद खोलीत बिल हॅरिसन हे तंत्रज्ञ जोडणीचे काम करू लागले. पुढे बिल रुश हे अभियंतेही येऊन मिळाले.

ठिपका हलतो कसा?

इथे क्षणभर थांबून बेअर आणि हॅरिसन यांच्यापुढचा प्रश्न समजून घेऊ.

त्या काळच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांची एक शलाका पडद्यावर डावीकडून उजवीकडे ओळ आखत जात असे. ओळ संपली की ती झटकन डावीकडे परते आणि खालची ओळ सुरू करी. आपण पुस्तक वाचताना डोळे असेच फिरवतो. अमेरिकी पद्धतीत एक ओळ आखायला सुमारे ६३.५ मायक्रोसेकंद लागत आणि संपूर्ण पडद्यावरून शलाका सेकंदात ६० वेळा फिरत असे. नवी ओळ केव्हा सुरू करायची आणि पुन्हा वर केव्हा जायचे हे टीव्हीला सांगण्यासाठी संकेतात विशिष्ट स्पंद असत.

आता समजा, प्रत्येक ओळ सुरू झाल्यापासून ३० मायक्रोसेकंद थांबून क्षणभर शलाका प्रखर केली. मग प्रत्येक ओळीत त्याच जागी उजेड पडेल आणि पडद्यावर एक उभा पट्टा दिसेल. तसेच, पडद्याची सुरुवात झाल्यापासून ठरावीक वेळ थांबून काही ओळी प्रखर केल्या तर आडवा पट्टा दिसेल. दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या होतील तेव्हाच उजेड पाडायचा असे ठरवले तर? जिथे दोन पट्टे एकमेकांना छेदतात तेवढाच चौकोनी ठिपका उरतो.

म्हणजे टीव्हीवर जागा ही खरे तर वेळ आहे. थांबण्याचा वेळ बदला, ठिपका सरकतो. हा वेळ ठरवण्यासाठी संगणक लागत नाही. एक रोधक आणि एक धारित्र पुरते. धारित्र भरायला किती वेळ लागेल हे रोधावर अवलंबून असते. म्हणून खेळाडूच्या हातातली मूठ म्हणजे कमीजास्त करता येणारा रोध! रेडिओचा आवाज वाढवावा तशी मूठ फिरवायची की ठिपका सरकतो. दहावीच्या विद्यार्थ्याला कळेल इतके हे सोपे आहे. पण ते सुचायला टीव्ही आतून ओळखणारा माणूस लागला.

दोन ठिपके दोन खेळाडूंचे. पण नुसत्या पाठलागात किती वेळ रमणार? बिल रुश यांनी सुचवले की तिसरा ठिपका असावा आणि तो खेळाडूंनी नव्हे, यंत्राने हलवावा. खेळाडूचा ठिपका त्याला लागला की त्याची दिशा उलटावी. तिसरा ठिपका चेंडू झाला, पहिले दोन बॅट झाले आणि १९६७ च्या अखेरीस टीव्हीवर पिंगपाँग सुरू झाले.

तपकिरी खोके दुकानात जाते

सातवे यंत्र तयार झाले तेव्हा त्याला लाकडासारखा दिसणारा तपकिरी चिकटकागद लावला होता. म्हणून ते 'ब्राउन बॉक्स' या नावाने ओळखले जाते. ते विकत घ्यायला टीव्ही बनवणाऱ्या कंपन्या लगेच पुढे आल्या नाहीत. शेवटी १९७१ साली मॅग्नाव्हॉक्सने करार केला. खर्च कमी करण्यासाठी त्यांनी रंग काढून टाकले आणि सप्टेंबर १९७२ मध्ये 'ओडिसी' या नावाने, सुमारे १०० डॉलर किमतीला, हे यंत्र बाजारात आणले.

ओडिसीमध्ये आवाज नव्हता. गुण मोजण्याची सोय नव्हती; ते खेळाडूंनी कागदावर मांडायचे. मैदान, चक्रव्यूह अशी पार्श्वभूमी दाखवण्यासाठी रंगीत पारदर्शक प्लॅस्टिकचे तक्ते टीव्हीच्या काचेवर लावायचे. सोबत फासे, पत्ते आणि खोट्या नोटा. आत मायक्रोप्रोसेसर नाही, स्मृती नाही. सुमारे चाळीस ट्रान्झिस्टर आणि तितकेच डायोड. खेळ बदलण्यासाठी वेगळे कार्ड खोचायचे, पण त्या कार्डात खेळ साठवलेला नसे. त्यात फक्त तारा एकमेकींना जोडणाऱ्या पट्ट्या असत. कार्ड म्हणजे एक प्रकारचे स्विचच.

मे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रात्यक्षिकात नोलन बुशनेल या तरुण अभियंत्याने ओडिसीवर टेनिस खेळून पाहिले. पुढच्याच महिन्यात त्यांनी टेड डॅबनी यांच्यासह अटारी कंपनी स्थापन केली आणि नव्याने नोकरीस लागलेल्या अ‍ॅलन अल्कॉर्न यांना सरावासाठी म्हणून असाच खेळ बनवायला सांगितले. अल्कॉर्न यांनी त्यात गुण दाखवले, आवाज घातला आणि बॅटचे आठ भाग करून प्रत्येक भागावरून चेंडू वेगळ्या कोनात उडेल अशी व्यवस्था केली. हाच 'पाँग'. सनीव्हेल गावातल्या एका मद्यगृहात तो मांडला. काही दिवसांनी यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न यांनी उघडून पाहिले तर नाण्यांचा डबा गच्च भरला होता!

पाँगच्या यशानंतर मॅग्नाव्हॉक्सने दावा लावला. प्रात्यक्षिकाच्या पाहुण्यांच्या वहीत बुशनेल यांची सही होती आणि बेअर यांच्याकडे तारखांसह कागद होते. १९७६ मध्ये अटारीने १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. मूळ कल्पना बेअर यांची. पण ज्याने लोक खेळायला खेचले गेले ते अल्कॉर्न यांचे बारकावे. 'शोध कोणी लावला' या प्रश्नाला एका नावाचे उत्तर देताना आपण किती गोष्टी झाकून टाकतो, हे यावरून लक्षात येईल.

भिंतीवरचे चित्र

१९७५-७६ पर्यंत घरगुती पाँगची यंत्रे आली. संपूर्ण खेळ एका चिपमध्ये मावू लागला. पण चिपमध्ये तारांच्या रूपाने कोरलेला खेळ बदलता येत नाही. चार महिन्यांत पोरांना कंटाळा आला की यंत्र माळ्यावर. खेळ आणि यंत्र एकमेकांपासून वेगळे करता येतील का, हा पुढचा प्रश्न होता.

जेरी लॉसन यांचा जन्म १९४० साली न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. चांगली शाळा मिळावी म्हणून त्यांची आई शाळाशाळा पालथ्या घालत असे. पहिलीत असताना त्यांच्या बाईंनी त्यांच्या बाकाजवळ भिंतीवर जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे चित्र लावले होते. 'तूही असा होऊ शकतोस,' अशा अर्थाचे त्या बोलल्या, आणि त्या गोष्टीचा आपल्यावर मोठा परिणाम झाला असे लॉसन यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळे हे कार्व्हर मराठी घराघरांत पोहोचले आहेत. गुलामाच्या पोटी जन्मलेला तो कृषिशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या एका वर्गात भिंतीवरून हे काम करत होता.

लॉसन यांनी किशोरवयातच हौशी रेडिओचा परवाना मिळवला. लोकांचे टीव्ही दुरुस्त करून ते पैसे मिळवत. महाविद्यालयात गेले, पण पदवी पुरी केली नाही. १९७० मध्ये ते कॅलिफोर्नियात फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या चिप बनवणाऱ्या कंपनीत लागले. कंपनीचा मायक्रोप्रोसेसर वापरून त्यांनी आपल्या गॅरेजमध्ये नाणे टाकून खेळायचा एक खेळ बनवला. ही बातमी कंपनीला लागली आणि खेळयंत्राची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

काढता-घालता येणाऱ्या स्मृतीत खेळ साठवण्याची मूळ कल्पना वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल यांची. कनेक्टिकट राज्यातल्या अल्पेक्स या लहान कंपनीत त्यांनी तसे यंत्र जोडून दाखवले होते. फेअरचाइल्डने त्याचे हक्क घेतले. पण प्रयोगशाळेत अभियंत्याने उघडी पट्टी जपून खोचणे वेगळे आणि आठ वर्षांच्या मुलाने ती दिवसातून वीस वेळा ओढणे-खोचणे वेगळे. हजारो वेळा घासून संपर्कबिंदू झिजले तर? अंगावरच्या स्थिर विद्युतेने चिप जळाली तर? त्या काळी असा वापर कोणी केलाच नव्हता, त्यामुळे अनुभवही कोणाकडे नव्हता. लॉसन, यंत्र अभियंता रॉन स्मिथ आणि रचनाकार निक टॅलेस्फोर यांनी पट्टीभोवती कवच घातले आणि खोचण्याची यंत्रणा नव्याने बेतली. शिवाय यंत्रातून निघणाऱ्या रेडिओ लहरींनी शेजारच्या टीव्हीत व्यत्यय येऊ नये यासाठी सरकारचे कडक नियम होते. ते पाळण्यासाठी आतला भाग धातूने मढवावा लागला.

नोव्हेंबर १९७६ मध्ये फेअरचाइल्डचे यंत्र बाजारात आले. पुढे 'चॅनल एफ' या नावाने ते ओळखले गेले. त्याच्या पिवळ्या कॅसेटमध्ये खेळाचा कार्यक्रम साठवलेला होता. खेळ मध्येच थांबवण्याचे बटणही त्यावर होते. लेखाच्या सुरुवातीला आपण ज्या कॅसेटवर फुंकर मारली, तिची ही पणजी.

पडदा मोठा, स्मृती इवलीशी

चॅनल एफची कल्पना घेऊन बाजार जिंकला तो मात्र अटारीने. सप्टेंबर १९७७ मध्ये त्यांचे 'व्हीसीएस' आले. पुढे ते '२६००' म्हणून प्रसिद्ध झाले. त्याचा मायक्रोप्रोसेसर म्हणजे १९७५ साली अवघ्या २५ डॉलरना विकल्या गेलेल्या ६५०२ या चिपची आणखी स्वस्त आवृत्ती.

यंत्र स्वस्त ठेवायचे तर स्मृती कमीत कमी वापरायला हवी. थोडे गणित करू. पडद्यावर आडवे १६० आणि उभे १९२ ठिपके आहेत. प्रत्येक ठिपका 'आहे' की 'नाही' एवढेच लक्षात ठेवायचे, म्हणजे एक बिट, तरी १६० × १९२ = ३०,७२० बिट लागतात. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे ३,८४० बाइट. अटारीच्या यंत्रात स्मृती होती १२८ बाइट! लागणाऱ्या जागेच्या तिसाव्या हिश्शाइतकी. शिवाय गुण, वेग, खेळाडूंची जागा हे सारे त्यातच ठेवायचे.

मग चित्र साठवायचे कुठे? उत्तर : साठवायचेच नाही. समजा, एखाद्या वर्गातल्या फळ्यावर एकच ओळ मावते. गुरुजी ओळ लिहितात, मुले ती उतरवून घेतात, आणि मुलांची नजर पुढच्या ओळीवर येण्याआधी गुरुजी ती पुसून नवी लिहितात. गुरुजी चपळ असतील तर मुलांच्या वहीत अख्खा धडा उतरतो. जे माइनर, जो डेक्यूर आदींनी आखलेली टीआयए ही चिप अशी एका ओळीचा फळा होती. टीव्हीची शलाका एक ओळ आखते तेवढ्यात प्रोसेसरचे फक्त ७६ ठोके पडत. एका आज्ञेला किमान दोन ठोके लागतात. म्हणजे जास्तीत जास्त ३८ आज्ञा, बहुधा त्याहून कमी. तेवढ्यात पुढच्या ओळीची तयारी झाली पाहिजे. एक ठोका चुकला की चित्र फाटले.

चिपला हलत्या वस्तू माहीत होत्या फक्त पाच : दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक चेंडू. रचनाकारांच्या डोळ्यांसमोर पाँग आणि रणगाड्यांचा खेळ होता. त्यांना तेवढे पुरे होते. पण खेळ लिहिणाऱ्यांनी या पाचांकडून काय काय करून घेतले! १९८० मध्ये रिक मॉरर यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा जपानी खेळ या यंत्रावर आणला. त्यात पडद्यावर ३६ शत्रू दिसतात. कसे? चिप एका खेळाडूच्या शेजारी शेजारी तीन प्रती काढू शकत असे. दोन खेळाडूंच्या तीन-तीन प्रती म्हणजे एका रांगेत सहा शत्रू. रांग संपली की तेच दोन खेळाडू खालच्या रांगेसाठी पुन्हा वापरायचे. सहा रांगा, छत्तीस शत्रू.

कॅरोल शॉ यांचा 'रिव्हर रेड' (१९८२) तर गणिताच्या शिक्षकांनी आवर्जून पाहावा. विमान एका लांबच लांब नदीवरून उडत जाते. नदीचे काठ सतत बदलतात, पण हा नकाशा कॅसेटमध्ये साठवलेला नाही. संपूर्ण खेळ ४ किलोबाइटांत बसवलेला आहे. एका संख्येवर ठरावीक क्रिया केली की पुढची संख्या मिळते, ती नदीचा पुढचा तुकडा ठरवते. संख्या पाहणाऱ्याला अनियमित वाटतात, पण सुरुवात तीच असेल तर क्रमही तोच येतो. म्हणून प्रत्येक वेळी तीच नदी मिळते.

लपवलेले नाव

एवढी करामत करणाऱ्यांची नावे कॅसेटच्या डब्यावर नसत. एक माणूस एकटा खेळ कल्पी, चित्रे काढी, आवाज घाली, कार्यक्रम लिही. बाहेर मात्र नाव एकच, अटारी. १९७६ साली वॉर्नर कंपनीने अटारी विकत घेतली होती. १९७९ मध्ये डेव्हिड क्रेन, अ‍ॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन यांच्या लक्षात आले की कंपनीच्या कॅसेट-विक्रीचा मोठा हिस्सा आपल्या चौघांच्या खेळांचा आहे. नाव आणि रास्त मोबदला मागायला ते गेले, तेव्हा कॅसेट जोडणारा कामगारही तितकाच महत्त्वाचा, अशा आशयाचे उत्तर मिळाल्याचे क्रेन यांनी सांगितले आहे. चौघे बाहेर पडले आणि जिम लेव्ही यांच्यासह त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे खेळ बनवणारी ती पहिली कंपनी. खेळ कोणी लिहिला हे तिच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असे.

वॉरन रॉबिनेट यांनी वेगळी वाट धरली. 'अ‍ॅडव्हेंचर' या खेळात त्यांनी कोणालाही न सांगता एक गुप्त खोली ठेवली. चक्रव्यूहातला जेमतेम दिसेल असा एक ठिपका शोधून योग्य जागी नेला की त्या खोलीत जाता येते आणि तिथे लिहिलेले दिसते की हा खेळ वॉरन रॉबिनेटने बनवला. खेळ १९८० मध्ये बाजारात आला तेव्हा ते नोकरी सोडून गेले होते. एका शाळकरी मुलाने ती खोली शोधली आणि कंपनीला पत्र लिहिले, तेव्हा कुठे कंपनीला कळले. आपल्याकडच्या जुन्या लेण्यांत दात्यांची नावे कोरलेली सापडतात, शिल्पकारांची क्वचितच. इथे एका कारागिराने आपले नाव स्वतःच कोरून ठेवले.

कोसळणे आणि पुन्हा उभे राहणे

अ‍ॅक्टिव्हिजनचे यश पाहून अनेक कंपन्या या धंद्यात उतरल्या. त्यांतल्या कित्येकांना खेळाचे मर्म ठाऊक नव्हते. अटारीनेही घाई केली. 'ई.टी.' या गाजलेल्या चित्रपटावरचा खेळ नाताळापूर्वी हवा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना १९८२ साली जेमतेम पाच आठवडे दिले. एरवी अशा खेळाला कित्येक महिने लागत. लाखो कॅसेट पडून राहिल्या. १९८३ मध्ये अटारीला पन्नास कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. न विकलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथल्या कचराभूमीत पुरल्या गेल्या. ही दंतकथाच असे अनेकांना वाटे; २०१४ साली खोदकाम झाले तेव्हा त्या खरोखर सापडल्या.

सगळे खापर त्या एका खेळावर फोडणे सोयीचे, पण बरोबर नाही. दुकाने भरून वाहत होती आणि स्वस्त घरगुती संगणकही त्याच गिऱ्हाइकाला खेचत होते.

त्याच वर्षी, १५ जुलै १९८३ रोजी, जपानमध्ये निन्टेन्डोचा 'फॅमिकॉम' आला. १८८९ साली क्योटोत पत्ते बनवण्यापासून सुरुवात केलेली ही कंपनी. अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी मासायुकी उएमुरा या अभियंत्यावर हे काम सोपवले. किंमत कमी राहिली पाहिजे आणि प्रतिस्पर्ध्यांना लवकर गाठता येऊ नये, या अटी. चिप स्वस्तात मिळाव्यात म्हणून यामाउचींनी रिको कंपनीला दोन वर्षांत तीस लाख चिप घेण्याचा शब्द दिला. किंमत ठरली १४,८०० येन. पहिल्या काही महिन्यांत चिपमध्ये दोष निघाला, तेव्हा विकलेली यंत्रे परत मागवून बदलून दिली गेली.

उएमुरांच्या यंत्रातली चित्राची युक्ती छापखान्यातल्या खिळ्यांसारखी होती. खिळे जुळवणारा प्रत्येक अक्षर नव्याने कोरत नाही. तयार खिळे उचलून ओळीत मांडतो. फॅमिकॉमचा पडदा २५६ × २४० ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला चारपैकी एक रंग द्यायचा तर दोन बिट लागतात. एकूण १५,३६० बाइट. त्याऐवजी पडद्याचे ८ × ८ ठिपक्यांचे ९६० चौकोन पाडले. चौकोनांच्या तयार आकृत्या कॅसेटमध्ये, आणि स्मृतीत फक्त कोणत्या जागी कितव्या क्रमांकाची आकृती हे ९६० आकडे. रंगांसाठी आणखी ६४ बाइट. झाले १,०२४. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) मधले ढग आणि झुडपे नीट पाहा : आकार तोच, रंग बदललेला. एकच खिळा दोन ठिकाणी!

आपल्याकडे १९९० च्या दशकात मिळणारी बरीचशी स्वस्त खोकी याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. आपण तिला कॅसेट म्हणायचो; जपानी मुलेही तिला 'कासेत्तो' म्हणत. एका कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याचा दावा असे आणि काही खेळांनंतर तेच पुन्हा नव्या नावाने येत, हेही आठवत असेल.

वर्गात करून पाहण्यासाठी

यातल्या दोन गोष्टी संगणकाशिवाय करता येतात. चौकटीच्या वहीत ८ × ८ चा चौकोन आखायला सांगा आणि मुलांना या आठ संख्या द्या : २४, ६०, १२६, २५५, ६६, ९०, ९०, १२६. प्रत्येक संख्या द्विमान पद्धतीत, आठ अंकांत, एका ओळीत लिहायची आणि जिथे १ येईल ती चौकट रंगवायची. काय दिसते ते आम्ही सांगत नाही. मग मुलांनी स्वतःच्या आकृतीच्या संख्या दुसऱ्या गटाला द्याव्यात.

दुसरी गोष्ट 'नदी'ची. ७ पासून सुरुवात करा. संख्येला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा आणि बाकी घ्या. क्रम येतो ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२... कॅरोल शॉ यांची रीत वेगळी होती, पण जात हीच. किती पायऱ्यांनी ७ पुन्हा येतो आणि मधली कोणती संख्या गाळली जाते का, हे मुलांना शोधू द्या.

राल्फ बेअर यांचे तपकिरी खोके आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना मिळाले. २०१४ साली, ९२ व्या वर्षी ते वारले. जेरी लॉसन यांना इतके थांबायला मिळाले नाही. खेळ बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांचा सन्मान केला तो मार्च २०११ मध्ये. पुढच्याच महिन्यात ते गेले.

आणि त्या पहिलीच्या बाई? भिंतीवर एक चित्र लावून त्या पुढच्या तासाला लागल्या असतील. त्याचे पुढे काय झाले हे त्यांच्या कानावर गेले असण्याची शक्यता फार थोडी. आपल्यापैकी बहुतेकांचे काम याच प्रकारचे असते.